हात वर न करता ठरवणारी माणसं

समजा, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात क्वेकरांचं जुनं दगडी सभागृह आहे. रविवारी जमणारी माणसं १४-१५, त्यातली निम्मी सत्तरी ओलांडलेली. हिवाळा तोंडावर आलाय आणि इमारत गरम ठेवणाऱ्या बॉयलरने मान टाकली आहे. तसाच गॅसचा नवा बॉयलर घ्यायचा, की महागडा पण कमी प्रदूषण करणारा हीट पंप बसवायचा? पैसे कुठून आणायचे? आणि हे सगळं ठरवायचं कुणी?

पाद्री ठरवेल म्हणावं, तर इथे पाद्रीच नसतो. अध्यक्षही नसतो. मत टाकून मोकळं व्हावं म्हटलं, तर मतदान हा प्रकार या मंडळींच्या गावीच नाही. गेली ३५० वर्षं ते कुठल्याही प्रश्नावर डोकी मोजत नाहीत. तरीसुद्धा छपरं दुरुस्त होतात, लग्नं लागतात, भांडणं मिटतात (काही मिटत नाहीत), आणि बॉयलरही बसतो.

क्वेकर म्हणजे कोण, ते आधी थोडक्यात. १६४९ मध्ये इंग्लंडने आपल्या राजाचा शिरच्छेद केला. त्या उलथापालथीच्या काळात जॉर्ज फॉक्स नावाचा एका विणकराचा मुलगा गावोगाव सांगत हिंडत होता, की देवाचं म्हणणं ऐकायला मध्ये पुरोहिताची गरज नाही; प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे आणि शांत बसलं तर तो बोलतो. १६५२ मध्ये वायव्य इंग्लंडच्या डोंगराळ मुलखात त्याला मोठा अनुयायी वर्ग मिळाला. ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, हे नाव लोकांनी चेष्टेत ठेवलं. ते स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवतात. आपल्याकडे स्वस्त आणि सुंदर घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर, किंवा सेवाग्रामला नई तालीमचं काम केलेल्या मार्जरी साइक्स ही नावं अनेकांनी ऐकलेली असतात. दोघंही क्वेकर.

जगातले सगळे क्वेकर मात्र एका साच्यातले नाहीत. सर्वांत जास्त क्वेकर आज केनियात आहेत, आणि तिथे पास्टर, प्रवचन, गाणी असं सगळं असतं. मी लिहितोय ते ब्रिटनमधल्या मौन धरून बसणाऱ्या क्वेकरांबद्दल.

कंब्रियात सेडबर्गजवळ ब्रिगफ्लॅट्स इथे त्यांचं १६७५ चं सभागृह अजून वापरात आहे. बाहेरून ते एखाद्या शेतकऱ्याचं घर वाटावं. आत वेदी नाही, क्रूस नाही, रंगीत काचा नाहीत, नुसते बाक. जिन्यापाशी मात्र एक छोटा लाकडी कोंडवाडा आहे. डोंगरातून आलेले मेंढपाळ मौनात बसले की त्यांची कुत्री तिथे थांबायची. हे बांधलं तेव्हा अशा सभा भरवणंच बेकायदेशीर होतं. कायद्याने थोडी मोकळीक दिली ती १६८९ मध्ये.

आणि याच छळातून त्यांचा कारभार जन्माला आला. चर्चला दशांश कर द्यायचा नाही, शपथ घ्यायची नाही, न्यायाधीशासमोर हॅट काढायची नाही, म्हटल्यावर तुरुंग ठरलेलाच. मग तुरुंगातल्याच्या बायकामुलांना कोण बघणार? जप्त झालेल्या गाईची आणि भांड्यांची नोंद कोण ठेवणार? मार्गारेट फेल या बाईंनी १६५४ मध्येच कैद्यांसाठी आणि फिरत्या प्रचारकांसाठी केंडल गावात निधी उभा केला. पुढे १६६७ च्या सुमारास फॉक्सने जागोजागी मासिक सभा बसवून दिल्या. लंडनमध्ये या हालअपेष्टांची दाद घेण्यासाठी १६७५ पासून जी सभा भरू लागली तिचं नावच ‘मीटिंग फॉर सफरिंग्ज’. यातना-सभा म्हणा हवं तर. पुढे तुरुंगवासाचे दिवस सरले तरी त्या सभेचं नाव तेच राहिलं. १६८२ मध्ये ब्रिस्टलमधली बहुतेक मोठी माणसं आत गेली तेव्हा मागे राहिलेल्या मुलांनी सभा चालू ठेवल्या होत्या. एकाच माणसावर सगळं टांगून ठेवायचं नाही, हे शहाणपण तेव्हा गरजेपोटी आलं.

आता परत आपल्या बॉयलरकडे.

रविवारची उपासना म्हणजे साधारण तासभर मौन. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर उभं राहून थोडक्यात बोलायचं. मग पुन्हा शांतता. तासाअखेर दोघं एकमेकांचा हात हातात घेतात, तेवढ्यावर सभा संपते. कारभाराची बैठक याच मौनाच्या पोटातून निघते. तिचं पूर्ण नावच ‘कारभारासाठीची उपासना’ असं आहे. सुरुवातीला मौन, शेवटी मौन, आणि गाडी अडली की मध्येही मौन.

समोर टेबलाशी बसतो तो क्लार्क. (किंवा बसते ती, इथे निम्म्याहून अधिक वेळा बाईच असेल.) आपल्याकडे क्लार्क म्हटलं की फायलींच्या ढिगामागचा कारकून आठवतो, आणि खरं सांगायचं तर क्वेकरांच्या क्लार्कला ते चित्र फारसं खटकणार नाही. त्याच्याकडे निर्णायक मत नसतं. वादात त्याने आपली बाजू मांडायची नसते. अगदीच राहवलं नाही तर तेवढ्यापुरतं टेबल दुसऱ्याकडे सोपवायचं. त्याचं काम लोकांचं ऐकायचं, सभा कुठे चालली आहे याचा कानोसा घ्यायचा आणि ते कागदावर उतरवायचं.

ज्याला बोलायचं तो उभा राहतो, क्लार्कने खूण केली की बोलतो, तेही क्लार्कला उद्देशून. समोरच्या खुर्चीतल्या माणसाला परस्पर उत्तर द्यायचं नाही. एक जण बोलला की दुसऱ्याने लगेच उठायचं नाही, आधीचं बोलणं आत मुरू द्यायचं. त्याच विषयावर पुन्हा पुन्हा उठणं अशिष्ट समजतात. टाळ्या नाहीत. आपलं म्हणणं आधीच कुणी मांडलं असेल तर ते परत न सांगता ‘माझ्या मनातलंच बोलले’ एवढं म्हणून गप्प बसायचं. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला कधी बसला असाल तर या एका नियमाने किती वेळ वाचेल याचा हिशेब तुम्हीच करा.

बॉयलरवर बोलणं सुरू होतं. खजिनदार सांगते की शिल्लक तुटपुंजी आहे. एक जण आठवण करून देतो, की ब्रिटनच्या क्वेकरांनी २०११ मध्ये कँटरबरीच्या वार्षिक सभेत कमी कार्बन वापरण्याचा निश्चय केला होता. आपणच गॅस जाळला तर त्याला काय अर्थ? एक आजी म्हणतात, निश्चय चांगला आहे, पण मागच्या जानेवारीत माझे पाय गोठले होते. तिसरा शंका काढतो, की इतक्या जुन्या, कायद्याने संरक्षित इमारतीत हीट पंप बसवायला परवानगी मिळेल का? मग सगळे गप्प.

या शांततेत क्लार्क लिहायला घेतो, आणि मला वाटतं, सगळ्या व्यवस्थेचा प्राण इथे आहे. आपल्या सवयीत सभा होते, महिन्याभराने कुणीतरी इतिवृत्त टंकून आणतो आणि पुढच्या सभेत विषय क्रमांक १ म्हणून ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ उरकलं जातं. तोवर कोण काय म्हणालं होतं यावर नवा वाद पेटायला जागा तयार झालेली असते. क्वेकर तिथल्या तिथे लिहितात. लिहिणं चालू असताना बाकीचे कुजबुजत नाहीत, मोबाइल बघत नाहीत. क्लार्कला मनोमन आधार देत बसून राहतात. मग तो वाचून दाखवतो. साधारण असं काहीतरी: ‘बॉयलरच्या प्रश्नावर आम्ही विचार केला. आमच्यातल्या वयस्कर मंडळींना ऊब मिळावी आणि पृथ्वीवरचा आमचा भारही वाढू नये, ही दोन्ही काळजी आम्हाला आहे. हीट पंपाचा खर्च आणि परवानगी यांची माहिती काढून पुढच्या महिन्यात आणावी, असं आम्ही दोघा फ्रेंड्सना सांगतो.’

कोण काय बोललं ते त्यात येत नाही. ‘यांनी सुचवलं, त्यांनी अनुमोदन दिलं’ हे नाही, बाजूने किती आणि विरोधात किती हेही नाही. सगळीकडे ‘आम्ही’. कुणी म्हणतं, ‘काळजी’ऐवजी ‘जबाबदारी’ म्हणावं. बदल होतो, पुन्हा वाचन होतं. क्लार्क विचारतो, फ्रेंड्स, हे मान्य आहे का? आणि ब्रिटनमधले क्वेकर उत्तर देतात: ‘होप सो.’ तशी आशा आहे! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं. पण देवाची इच्छा आम्हाला पक्की कळली, असं छातीठोकपणे कोण सांगणार? तेव्हा आशा आहे, एवढंच म्हणणं बरं.

म्हणजे हे एकमत झालं का? अगदी तसं नाही. एकमतात प्रत्येकाचं मत सारखं असावं लागतं. तडजोडीत प्रत्येकाला थोडं थोडं सोडावं लागतं. क्वेकर ज्याला ‘युनिटी’ म्हणतात ती जरा वेगळी चीज आहे: माझं मत वेगळं असलं तरी ही सभा या वाटेने जाते आहे आणि ती वाट खरी वाटते, हे मला जाणवणं. एखादा उभा राहून म्हणू शकतो, ‘मला हे पटलेलं नाही, पण मी आड येणार नाही.’ तो मुकाट्याने हरलेला नसतो, कारण हरण्या-जिंकण्याची मोजणीच झालेली नसते. पण कुणाचा विरोध खोलवरचा आहे असं दिसलं, तर तो एकटा असला तरी विषय पुढे ढकलतात. प्रकरण फारच गुंतागुंतीचं असेल तर निर्णय न घेता नुसती चर्चा करायला वेगळी सभा बोलावतात. तिला म्हणतात ‘थ्रेशिंग मीटिंग’. मळणीच! आधी सगळं खळ्यात आपटून घ्यायचं, दाणे कुठे आणि भूस कुठे ते नंतर.

हे वाचताना शंका यायला हवी, आणि ती रास्त आहे. मतं मोजायची नाहीत म्हणजे वजन बघायचं. आणि वजन कुणाचं? क्वेकरांच्या बोलीत ‘वेटी फ्रेंड’ असा शब्दच आहे. मराठीतला ‘वजनदार माणूस’ त्याच्या अगदी जवळ जातो, नको त्या छटेसकट. अनुभवी, शांत, कमी बोलणाऱ्या माणसाच्या शब्दाला मान मिळतो हे ठीक. पण ३० वर्षं त्याच बाकावर बसणाऱ्याला मान मिळतो, चांगलं इंग्रजी बोलणाऱ्याला मिळतो, हेही खरं. मतपेटीत नवख्याचं आणि जुन्याचं मत एकच असतं. इथे तसं नाही.

दुसरा दोष वेळेचा. याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध एक अर्ज लिहिला. माणसं विकत घेणं आणि चोरणं यात फरक काय, असा त्यांचा सरळ सवाल होता. मासिक सभा म्हणाली, विषय आम्हाला पेलणारा नाही; तिने तो त्रैमासिक सभेकडे पाठवला. तिने वार्षिक सभेकडे. वार्षिक सभेने तो बाजूला ठेवला. पुढे बेंजामिन ले नावाच्या एका बुटक्या, कुबड असलेल्या माणसाने १७३८ च्या वार्षिक सभेत पोकळ केलेल्या पुस्तकात लाल रसाची पिशवी लपवून आणली आणि तलवार खुपसून ते ‘रक्त’ गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांवर उडवलं. त्याला बाहेर काढलं. जॉन वूलमन या दुसऱ्या क्वेकराची तऱ्हा याच्या उलट. तो गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी पाहुणा म्हणून जायचा, हळुवारपणे बोलायचा, आणि निघताना तिथल्या गुलामांनी केलेल्या सेवेचे पैसे देऊन जायचा. यजमानाची काय अवस्था होत असेल! १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना कारभारापासून दूर ठेवायचं ठरवलं. आणि १७७६ मध्ये, गुलाम बाळगाल तर सभासद राहणार नाही, इथवर ती पोचली. पहिल्या अर्जापासून ८८ वर्षं. देश पातळीवर गुलामगिरी संपायला त्यानंतरही ८९ वर्षं आणि एक यादवी युद्ध लागलं, म्हणून क्वेकरांची पाठ थोपटणारे आहेत. पण त्या ८८ वर्षांत जे गुलाम म्हणून जन्मले आणि गुलाम म्हणूनच मेले, त्यांच्या बाजूने पाहिलं तर ‘सभा अजून तयार नाही’ या वाक्याची किंमत कळते.

लहान सभेत असले युगांतराचे प्रश्न क्वचितच येतात. तिथली रोजची डोकेदुखी वेगळी: माणसं कमी आणि कामं जास्त. क्लार्क हवा, खजिनदार हवा. उपासनेची घडी नीट राहावी म्हणून एल्डर हवेत. आजारी कोण, एकटं कोण पडलंय, कुणाच्या घरी काय बिनसलंय हे बघायला आणखी दोघं-तिघं. या दुसऱ्यांना पूर्वापार ‘ओव्हरसीअर’ म्हणत, म्हणजे मुकादम! मळ्यांवरच्या गुलामांच्या मुकादमांची आठवण नको, म्हणून बऱ्याच सभांनी आता तो शब्द सोडला आहे. शिवाय ग्रंथालय, इमारतीची देखभाल, चहाची पाळी, मुलांचा वर्ग.

या पदांसाठी कुणी उभं राहत नाही. नावं शोधायला एक छोटी समिती असते. ती ‘कोण मोकळा आहे’ हे न बघता ‘हे काम कुणाला शोभेल’ याचा विचार करते, निदान तशी अपेक्षा आहे. मग ती त्या माणसाला विचारते आणि नाव सभेपुढे ठेवते. नेमणूक सभा करते. मुदत बहुधा ३ वर्षं, फार तर आणखी ३. मग खुर्ची सोडायची. क्लार्क राहिलेली बाई पुढच्या वर्षी कपबशा विसळताना दिसणं इथे नवलाचं नाही. १४ माणसांच्या सभेत मात्र ‘शोभेल’ वगैरे सगळं हवेत विरतं, आणि तेच चौघं आळीपाळीने तीच पदं सांभाळतात. म्हणून काही सभांनी एल्डरचं आणि विचारपुशीचं काम सगळ्यांवर वाटून टाकलंय.

लहान सभेच्या डोक्यावरचा बराच भार वरची विभागीय सभा उचलते. पाच-दहा स्थानिक सभा मिळून एक विभागीय सभा होते. सभासदत्व तिथे नोंदलं जातं, इमारती आणि पैसा बहुधा तिथल्या विश्वस्तांच्या ताब्यात असतो. त्यावर सगळ्या देशाची वार्षिक सभा. सभासद व्हायचं असेल तर विभागीय क्लार्कला पत्र लिहायचं. मग दोन फ्रेंड्स घरी येऊन निवांत गप्पा मारतात आणि सभेला कळवतात. ती काही परीक्षा नसते. वर्षानुवर्षं नुसतेच येत राहणारे, सभासद न झालेले लोकही भरपूर असतात आणि क्लार्कला विचारून कारभाराच्या बैठकीलाही बसतात.

पैसा येतो तो वर्गणीतून आणि खोल्या भाड्याने देण्यातून. कोण किती देतं हे फक्त वसूल करणाऱ्याला ठाऊक. देणगीदारांचा फलक भिंतीवर लागत नाही. जुगाराला त्यांचा जुना विरोध, त्यामुळे लॉटरीचं तिकीट काढून छप्पर दुरुस्त करण्याची वाट बंद. पैशाच्या बाबतीत एके काळी ते भलतेच कडक होते. तुरुंगसुधारणेसाठी नावाजलेल्या एलिझाबेथ फ्राय यांच्या नवऱ्याची, जोसेफची बँक १८२८ मध्ये बुडाली. दुसऱ्यांचा पैसा बुडवणं म्हणजे खोटेपणाच, असं धरून सभेने त्याला बाहेर काढलं. पंथाबाहेर लग्न करणाऱ्यांनाही १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत असंच काढत. त्यात क्वेकरांनी आपलीच संख्या किती घटवली ते सांगायला नको. आता कुणाला काढण्याची वेळ जवळजवळ येत नाही.

लग्न मात्र अजून पूर्वीच्याच साधेपणाने लागतं. लावणारा कुणी नसतो. मौनात दोघं उठतात, एकमेकांना वचन देतात, आणि जमलेले सगळे, अगदी पोरंसोरंसुद्धा, एका मोठ्या कागदावर साक्षीदार म्हणून सह्या करतात. समलिंगी जोडप्यांनाही हाच विधी खुला करायचा, असं ब्रिटनच्या वार्षिक सभेने २००९ मध्ये ठरवलं, देशाचा कायदा बदलण्याच्या काही वर्षं आधी. तेही मतदानाशिवाय.

आणि भांडण? लहान जागेत ते होणारच. जुना दंडक असा की आधी एकट्याने त्या माणसाकडे जाऊन बोलायचं, मग एक-दोघांना घेऊन, आणि त्यानंतरच सभेपुढे. व्यवहारात माणसं पहिली पायरी टाळतात. फ्रेंड म्हणवणाऱ्याला तोंडावर कडू बोलणं जड जातं, म्हणून राग वर्षानुवर्षं चहाच्या कपाखाली झाकून राहतो. मौनाचा हा तोटा त्यांचे जुनेजाणतेही कबूल करतात.

पुढच्या महिन्यात आपली १४ माणसं पुन्हा बसतात. माहिती आली आहे: परवानगी मिळू शकेल, खर्च झेपणार नाही, विभागीय सभेकडे मदत मागावी लागेल. वर्षभर थांबावं लागेल असं दिसतं. गॅसचा आग्रह धरणारे आजोबा बराच वेळ गप्प असतात, मग म्हणतात, ‘मला अजून हे शहाणपणाचं वाटत नाही, पण वाटेत उभा राहणार नाही.’ क्लार्क लिहितो, वाचतो. होप सो. हिवाळा विजेच्या दोन हीटरवर आणि मांडीवरच्या घोंगड्यांवर काढायचा ठरतो.

कधी कधी मात्र १४ चे ६ होतात, ६ चे ३. ब्रिटनमध्ये क्वेकर सभासदांची संख्या आज १५ हजारांच्याही खाली आहे, आणि अधूनमधून एखादी सभा मिटते. मिटते म्हणजे तिला ‘खाली ठेवतात’. बराच वेळ वाहिलेलं ओझं खांद्यावरून उतरवावं तसा तो शब्द आहे. त्यासाठीही वेगळी तऱ्हा नाही. उरलेली तिघं-चौघं मौनात बसतात, क्लार्क शेवटची नोंद तिथल्या तिथे लिहून वाचतो, मान्य आहे का म्हणून विचारतो. नोंदवह्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात जातात. किल्ली विश्वस्तांकडे.